माळकरी वडिलांना ट्राउटच्या नदीवर न्यायचंय: गाईड, परवाना आणि मासा सोडून देण्याबद्दल

पूर्णाकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, नाहीतर माझी अडचण नीट कळायची नाही.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, नोकरीची बहुतेक वर्षं येलदरी धरणावर गेली. ड्युटी संपली की गळ आणि बांबूची काठी घेऊन पाण्यावर. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्यासोबत बसायचो. कणकेत हळद आणि थोडी पेंड मळून ते गोळी करायचे, आणि दोरी हलली की आधी माझ्याकडे बघायचे, "आला बघ." रिटायर झाल्यावर आईबरोबर पंढरपूरला माळ घातली आणि त्या दिवसापासून मासा बंद. खाणंही बंद आणि धरणंही. काठ्या धाकट्या काकाला देऊन टाकल्या.

आता ते ६८ वर्षांचे आहेत. मध्यंतरी मी मोबाईलवर हिमाचलमधल्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीचा एक व्हिडिओ लावला होता. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लांब दोरी हवेत फिरवतात, मासा लागला की हातात धरतात आणि परत सोडून देतात. अण्णांनी तो सबंध बघितला, मग म्हणाले, "परत लाव." असं ते कशालाच म्हणत नाहीत.

तर मला त्यांना एकदा तिकडे न्यायचंय. जूनच्या आत, कारण पुढे पेरणी आणि अण्णांची वारी. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाईड घेऊन ट्राउट मासेमारी नेमकी कशी चालते, आणि परभणीहून जायचं कसं? या वयाच्या माणसाला ती झेपते का? आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सोडलेला मासा खरंच जगतो का? अण्णा हेच विचारणार, आणि त्यांना मी खोटं सांगू शकणार नाही.

खामनदी | १४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

पूर्णाकाठ, मी संभाजीनगरचा. हिमाचलला चार वेळा जाऊन आलोय, त्यातल्या तीन वेळा तीर्थन खोऱ्यात. माहीत आहे ते सांगतो.

तुमच्यासाठी तीर्थनच बरं. कुल्लू जिल्ह्यात बंजारच्या पुढे गुशैनी, नागणी ही गावं आहेत. साधारण पाच हजार फूट उंची, त्यामुळे अण्णांना श्वासाचा त्रास व्हायचं कारण नाही. वरच्या बाजूला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ साली ते जागतिक वारसा यादीत आलं. उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, मासेमारी खालच्या पट्ट्यात होते. पुढे लारजीला ही नदी सैंज नदीसोबत बियासला मिळते.

जाणं आपल्याला सोपं आहे. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस परभणीला थांबते, तिनं थेट अंबाला. तिथून चंदीगड, चंदीगडहून मनालीची रात्रीची बस, आणि औटच्या बोगद्याच्या तोंडाशी उतरायचं. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर झोपेत बोगद्याच्या पलीकडे जाल. औटहून बंजारला लोकल बस किंवा जीप. तिकीट मात्र आजच बघा, उन्हाळ्यात सचखंडला जागा मिळत नाही.

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. मार्च ते जून चांगला. जुलै-ऑगस्टचा विचारसुद्धा करू नका, पाणी गढूळ असतं आणि धोक्याचंही. २०२३ च्या जुलैत कुल्लू-मंडीकडे बियासनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

परवाना तिथल्या मत्स्यविभागाचा, माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने. बहुतेक मुक्कामांचे मालक तो काढून देतात, पण पावती स्वतःच्या हातात घ्या. फी आणि दिवसाला किती मासे, केवढ्या मापाचे, हे त्याच वेळी विचारा.

आता गाईडचं. एक गाईड दोघांपेक्षा जास्त माणसांना पुरत नाही, तिसरा असला की कुणीतरी नुसतं उभं राहतं. रॉड, रील, दोरी, फ्लाय (गळावरचं किड्यासारखं दिसणारं खोटं आमिष) हे तोच आणतो. बुकिंगआधी एवढं नक्की विचारा: "नदीवर नेणार की फार्मच्या तळ्यावर?" माझ्या पहिल्या खेपेला एका मुक्कामावर गाईड म्हणून जो मुलगा दिला, त्यानं आम्हाला सिमेंटच्या हौदाशी नेलं. दहा मिनिटांत चार मासे लागले आणि मला रडू यायचं बाकी होतं. एवढ्या लांब मी हौदासाठी आलो नव्हतो.

उदगीरची_लेक | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

खामनदी, छान माहिती. मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. किती जगतात ते धरणाऱ्याच्या हातावर आणि पाण्याच्या तापमानावर ठरतं.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. साधारण १० ते १८ अंशांत तो खूश असतो. विसाच्या वर पाणी गेलं की त्याचं खाणं मंदावतं, पंचविशीच्या आसपास जीव धोक्यात येतो. यामागे प्राणवायू आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपल्या कटला-रोहूला तेवढा पुरतो, ट्राउटला नाही. आणि गळाला लागलेला मासा झुंजताना दमतो, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो नेमका तेव्हाच. म्हणून पाणी कोमट असेल त्या दिवशी धरून सोडणं हे नुसतं नावापुरतं सोडणं असतं.

काळजी अशी घेतात. गळ एकच, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केलेला, म्हणजे तो सहज निघतो. गांडूळ किंवा गोळी लावली तर मासा ती गिळतो आणि गळ घशाखाली जातो. कृत्रिम फ्लाय बहुधा ओठालाच लागते, म्हणून तीच वापरावी. मासा फार वेळ खेळवत ठेवू नये. हात ओले करूनच धरावा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासून बचाव असतो. कल्ल्यांना बोट लावू नये. शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये, फोटोसाठी तर नाहीच. शेवटी तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरून ठेवायचं, तो स्वतःच्या जोरानं निघून जाईपर्यंत.

हे सगळं केलं तर बहुतेक मासे जगतात. पण अण्णांना "एकही मरत नाही" असं सांगू नका.

मांजराकाठ | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

वाचतोय. एक विचारू का? हा ट्राउट आपल्याकडे नाहीच का आणता येणार? म्हैसमाळला वगैरे?

उदगीरची_लेक | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मांजराकाठ, नाही जमणार. म्हैसमाळ सुमारे साडेतीन हजार फूट. दक्षिणेत ट्राउट रुजला तो निलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरांत. उटी सात हजार फुटांच्या वर आहे. शिवाय नुसती उंची पुरत नाही, बारा महिने वाहतं, खडकाळ, थंड पाणी लागतं.

तसा तो हिमाचलचाही मूळचा नाही. ब्राऊन ट्राउट युरोपातला, १९०० च्या सुमारास इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणला, तिथून १९०९ साली कुल्लू खोऱ्यात. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. तिथल्या नद्यांचा खरा मालक म्हणजे असेला हा तिथलाच मासा, त्याचं आता फारसं कुणी नाव घेत नाही. आपल्याकडे चिलापीचं जे झालं तेच. ती आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि आज कोणत्याही धरणावर जा, जाळ्यात आधी तीच.

गोदामाय | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मी पैठणची. घरात तीन पिढ्यांची वारी आहे. कुणाचं मन दुखवायला लिहीत नाही, पण पूर्णाकाठ भाऊंनी मनापासून विचारलंय, म्हणून मनापासून सांगते.

माळ घातलेल्या माणसाचं मासा न खाणं ही अर्धीच गोष्ट झाली. बाकीची अर्धी म्हणजे जिवाला आपल्यामुळे पीडा होऊ नये. लेकीनं वर किती नीट सांगितलंय, ओठाला लागतो, दमतो, मग सोडतात. पण गंमत म्हणून त्याला दमवायचं का? माझे सासरे नाथसागराच्या काठावर रोज संध्याकाळी बसायचे, हातात काही नसायचं. पाण्याकडे बघायला गळ लागतो असं मला तरी वाटत नाही.

न्या अण्णांना, अवश्य न्या. नदी बघू द्या. गळाचा निर्णय त्यांच्यावर सोडा, तुम्ही आग्रह करू नका. मुलाच्या हौसेखातर बाप हो म्हणतो आणि मग मनात कुढत बसतो.

पूर्णाकाठ | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१०

गोदामाय ताई, शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आग्रह करणार नाही.

चप्पूवाला | १६ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

राम राम. आमी भोई समाजातले, पूर्णेच्या काठचे. बाप, आजा सगळे पाण्यावर. मी थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकतो. धागा रात्री पोरानं वाचून दाखवला, लिहून पण तोच द्यायलाय.

गाईड म्हणजे काय ते वाचलं. पाणी वाचणारा माणूस, त्याला दिवसाचे पैसे. तर आमच्याकडं तो प्रत्येक घरात हाय. कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ तळाला. वाम दगडाच्या कपारीत. मरळ हवा घ्यायला वर येते, एकदा आली की कुठं परत येईल ते सांगता येतं. मरळीची लाल लाल पिल्लं झुपक्यानं फिरायलेत म्हणजे खाली आईबाप हायेत, तवा तिथं गळ टाकायचा नाही. हे कुणी लिहून ठेवलं नाही, बापानं चप्पूवर बसवून दाखवलं.

पण आमाला कुणी गाईड म्हणत नाही. बाजारात बसलो की "वीस कमी कर" म्हणतात. पूर्णाकाठ दादा, तुमच्या अण्णांना कुणी शिकवलं असंल येलदरीला गळ टाकायला? विचारा एकदा. आमच्यातलाच कुणीतरी असणार.

खामनदी | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

चप्पूवाला दादा, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तीर्थनचा माझा गाईडही नदीकाठच्याच घरातला, लहानपणी हातानं मासे धरायचा. आज त्याच ज्ञानावर त्याच्या मुली कॉलेजात शिकतायत. तिथं बाहेरचा माणूस परवाना घेऊन गळ टाकू शकतो, म्हणून गाईडला काम आहे. आपल्याकडे बहुतेक धरणांचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, त्यामुळे हौशी माणसानं कुणाला विचारायचं हेच कळत नाही. नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य, तिथे वनखात्याचे नियम वेगळे. एखाद्या संस्थेनं हिवाळ्यात शनिवार-रविवारपुरतं का होईना, एका चप्पूवर एक पाहुणा असं करून बघितलं तर मी पहिला येईन आणि तीर्थनला देतो तेवढेच पैसे देईन. चप्पू मात्र थर्माकोलचा नको, पाहुण्याला लाईफ जॅकेट पाहिजे. तुम्हालाही पाहिजे, दादा.

चप्पूवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ८:५५

संस्थेच्या बैठकीत विषय काढतो. पण धरणात पाणी असलं तर. २०१६ ला आमचे पाहुणे मांजरा धरणावर होते, धनेगावला. धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली पाहुण्यांनी ऊसतोडीची उचल घेतली. सोडलेली माशाची बोटुकली, म्हंजे बोटाएवढी पिल्लं, गेली, जाळी पण विकली.

मांजराकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

दादा, ते वर्ष आठवलं तरी घसा कोरडा पडतो. आमच्या गल्लीत लोक टँकरसाठी रात्रभर जागे असायचे. त्या धरणावर जगणाऱ्या माणसांचं काय झालं, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनात आला नाही. आज तुमच्यामुळे आला.

खामनदी | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:००

पूर्णाकाठ, रात्री अण्णांचाच विचार करत होतो. एक मार्ग आहे. काही जुने फ्लाय मासेमार गळाचं टोक पक्कडीनं कापून टाकतात. उरते ती नुसती पिसं आणि दोरा. मासा वर येतो, फ्लाय तोंडात घेतो, खोटी आहे हे कळताच थुंकून देतो. त्याला काहीच होत नाही. पण तो कुठे असेल हे ओळखायचं, सावली पडू न देता जवळ जायचं, फ्लाय अलगद उतरवायची, हे सगळं तसंच राहतं. मासा वर आला म्हणजे तुमचं बरोबर होतं. परवाना तरीही काढा, नदीवर रॉड घेऊन उभं राहायचं तर तो हवाच.

गोदामाय | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

खामनदी दादा, असं असतं हे मला माहीतच नव्हतं. याला माझी काही हरकत नाही. सासरे असते तर त्यांनाही सांगितलं असतं.

पूर्णाकाठ | १५ मे, रात्री १०:१५

मंडळी, कालच परतलो. सांगायचं खूप आहे, जमेल तसं लिहितो.

सचखंडचा प्रवास उकाड्याचा झाला, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत. औटला पहाटे उतरलो तेव्हा अण्णांनी स्वेटरवर शाल घेतली आणि चहा पिताना म्हणाले, "पाण्याचा वास येऊ लालाय." नदी तिथून दिसत नव्हती.

गाईड पन्नाशीचा, कमी बोलणारा. दुकानात चामड्यासारख्या तळाचे बूट मिळाले होते, ते बघून तो नको म्हणाला, ओल्या गोट्यांवर घसरतात. त्यानं अण्णांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या, तळाचे बूट आणि एक दणकट काठी दिली. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. सकाळी पाणी स्वच्छ आणि कमी असतं, दुपारी वरचं बर्फ वितळून वाढतं, म्हणून साडेसहाला नदीवर आणि अकराला परत. मी हात घातला तर बोटं बधिर झाली.

पहिल्या दिवशी अण्णांनी रॉड घेतलाच नाही. मी काही बोललो नाही. ते गाईडच्या बाजूला एका खडकावर बसले. त्यांचं हिंदी तोडकंमोडकं, त्याचं पहाडी वळणाचं. गाईड बोटानं दाखवत होता: मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत असतं तिथे मासा उभा राहतो, तोंड वरच्या बाजूला, वाहून येणारे किडे आयते तोंडाशी यावेत म्हणून. माणसानं मागून, खालच्या बाजूनं जायचं. थोड्या वेळानं अण्णांनीच एक दगड दाखवला. गाईडनं मान हलवली, नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "हाय तिथं." गाईडनं फ्लाय टाकली आणि तिसऱ्या खेपेला तिथूनच मासा आला. वीतभर लांब, पिवळसर, अंगावर लाल ठिपके. गाईडनं ओल्या हातानं पाण्यातच गळ काढला. अण्णा वाकून बघत राहिले. तो गेल्यावरही बराच वेळ त्या जागेकडे बघत होते.

संध्याकाळी मी खामनदी दादांची कल्पना सांगितली, फक्त सांगितली. अण्णांनी फ्लाय मागितली, चष्मा लावून उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "काप टोक." गाईडला आधी कळेना. मग अण्णांनी गळ्यातली माळ दाखवली. त्यानं हात जोडले आणि तीन फ्लायची टोकं स्वतः कापून दिली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी अण्णा फेकायला शिकले. सुरुवातीला दोरी झाडात, मग टोपीत, मग पाण्यावर फटकन. बांबूच्या काठीची सवय, मनगट आवरत नव्हतं. तिसऱ्या सकाळी नीट पडायला लागली. पहिला मासा वर आला तेव्हा पाण्यात नुसता एक वळसा दिसला आणि फ्लाय गायब, लगेच परत तरंगायला लागली. अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं. "आला बघ."

त्या सकाळी तीन आले. चौथ्यासाठी ते थांबले नाहीत. रॉड गाईडच्या हातात देऊन नदीत तोंड धुतलं आणि म्हणाले, चला.

चप्पूवाला दादा, परतीच्या गाडीत तुमचा प्रश्न विचारला. येलदरीला अण्णांना गळ टाकायला शिकवणारे भोई समाजातलेच होते, अण्णा त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या मयतीला ड्युटीमुळे जाता आलं नाही हे अण्णांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. त्यांच्या घरचं कुणी अजून काठावर राहतं का, ते तुम्हाला विचारायला सांगितलंय. गाव आणि आडनाव तुम्हाला निरोपात पाठवतो.

चप्पूवाला | १६ मे, सकाळी ५:५०

निरोप बघितला. घर माहीत हाय. त्यांचा नातू माझ्याच संस्थेत हाय. पाऊस पडायच्या आत अण्णांना घेऊन या, पाणी कमी हाय पण वरच्या खोऱ्यात बसण्यासारखी जागा हाय.

आणि एक विचारायचं. ती फ्लाय कशाची असती? पोरगं म्हणायलं कोंबड्याच्या पिसाची.

खामनदी | १६ मे, सकाळी ९:१०

बरोबर सांगतोय. कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसं, गळाच्या दांडीला दोऱ्यानं गोल गुंडाळलेली. पीस ताठ असलं की फ्लाय तरंगते.

चप्पूवाला | १६ मे, रात्री ९:३०

गावरान कोंबडा घरीच हाय, तांबडा. दिवस मावळताना चिलापी वरचे किडे खायला येते. आज दोन बांधल्या, एक बुडाली, एक तरंगली. अण्णा येतील तवा टोक कापून ठेवतो.